बोम्मसंद्र्याची थेट बस

आमची सकवार अक्का चिडली की आवाज खाली आणते. बाकी जग चिडलं की आवाज चढवतं, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, बाई निवळली. मग तिचा खालचा ओठ आत जातो, मान डावीकडे कलते आणि ती म्हणते, "नाही, स्वल्प समजून घ्या." हे 'स्वल्प' म्हणजे थोडंसं. पण अक्काचं थोडंसं अर्धा तास चालतं. मी हे कॉलेजात करून दाखवते तेव्हा अक्काला कधी न पाहिलेल्या मुलीसुद्धा हसतात.

नात्यानं ती माझी मावशी. पण बंगळूरच्या बनशंकरीतली आमची अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते. भाजीवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, तिच्याहून वयानं मोठे असलेले घरमालकही म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. पूर्ण नाव सकवारबाई. आमच्या घराण्यांत अशी नावं अजून ठेवतात. शहाजीराजांबरोबर इकडे आलो ते परत गेलोच नाही. नावं तेवढी जपली, भाषेत मात्र इथलं पाणी बरंच मिसळलं. घरात आम्ही मराठीच बोलतो असं आम्ही म्हणतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये पुण्याहून राहायला आलेल्या उल्काताई ते ऐकतात आणि डोळे बारीक करून विचारतात, "सॉरी हं, पण हे ॲक्च्युअली कुठलं मराठी?"

अक्का बोम्मसंद्र्याच्या एका गारमेंट फॅक्टरीत सुपरवायझर आहे. तिथं परदेशात जाणारे शर्ट शिवतात. आली तेव्हा हेल्पर होती, शिवलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायची. पुढे मशीनवर बसली, पुढे कॉलर शिवायला लागली, आणि आता एक पूर्ण लाइन तिच्या हाताखाली आहे. सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी कापलेल्या कापडाची बंडलं प्रत्येक मशीनपाशी पोचली पाहिजेत. ते काम तिचं. या नोकरीनं तिला एक खोड लावली आहे. समोर कुणीही पुरुष आला की ती तोंडाकडे न बघता कॉलरकडे बघते. माझ्या चुलतभावाच्या लग्नात तिनं नवऱ्यामुलाच्या कोटाची कॉलर उलटून पाहिली आणि सासरच्या मंडळींसमोर "टाका बरा आहे," असा शेरा दिला.

तर ही गोष्ट १९९८ सालची. त्या वर्षी अक्काची नोकरी सुटायच्या बेतात होती, आणि कारण होतं बस.

बनशंकरी शहराच्या दक्षिणेला, बोम्मसंद्रा त्याच्याही खाली होसूर रोडवर. दोन्ही एकाच अंगाला. पण सगळ्या बसा जाणार शहराच्या मध्यावरच्या मार्केटला. म्हणजे अक्कानं सकाळी उठून आधी उत्तरेला मार्केटला जायचं, तिथं दुसरी बस पकडून होसूर रोडनं परत दक्षिणेला यायचं. संध्याकाळी हेच उलटं. घरी पोचेपर्यंत आठ वाजत. "डाव्या हातातला डबा उजव्या हातात घ्यायचा, तर आधी तो शेजारणीकडे देऊन यायचा, असं हे आहे," अक्का म्हणायची.

तिचं म्हणणं असं की या प्रांताचं सगळं मध्यावर बांधून ठेवलंय आणि कडेला राहणाऱ्यांना त्याचाच फास बसतो. फॅक्टरीच्या गेटाशी संध्याकाळी शेजारच्या आनेकलच्या शेतकऱ्यांना भाजी घेऊन बसू द्या. तीच भाजी मार्केटला पाठवायची आणि मग दमून आमच्या गल्लीत आणायची, हे कशाला? पाळणाघर फॅक्टरीत नको, बसथांब्यापाशी हवं, कारण काखेत पोर घेऊन दोन बसा कोण करणार? सगळ्या कारखान्यांना रविवारचीच सुट्टी का? वाटून द्या, म्हणजे वीजही रोज थोडी थोडी पुरेल. असं ती कांदा चिरताना बोलायची, आणि कांदा संपला तरी कल्पना संपायच्या नाहीत.

तिचे यजमान विठोजीराव सरकारी कचेरीत आहेत. त्यांच्या कल्पना मोठ्या असतात. त्यांत एकतर नदी असते, नाहीतर रेल्वे. ते आधी चष्मा काढतात, काच सदऱ्याला पुसतात आणि "मुळात," असं म्हणून थांबतात. बराच वेळ थांबतात. आपल्याला वाटतं विसरले. मग, "मुळात हा प्रश्न राज्याचा नाही, केंद्राचा आहे." हेही मी चांगलं करते.

पण त्या उन्हाळ्यात त्यांनी काढलेला विषय केंद्राचा नव्हता, घरातला होता. अक्काच्या सासूबाई सोयराबाई यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एक डोळा सुधारला, एक राहिला. दिवसा ठीक, पण उजेड उतरला की त्यांना अंदाज येत नसे. एका संध्याकाळी त्यांनी तापलेल्या तव्यावर तळहात टेकवला. विठोजीरावांनी चष्मा पुसला आणि दिवेलागणीला घरात कुणीतरी हवं असं म्हणाले. अक्कानं विचारलं, तुम्हीच का येत नाही, कचेरी तर साडेपाचला सुटते. ते म्हणाले की वाचनालयात त्यांचं थोडं असतं. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. आमच्या घरांत 'दिवाळीपर्यंत बघू' याचा अर्थ बघून झालेलं आहे असा असतो. अक्काला ते कळलं. तिनं आवाज एकदम खाली आणला आणि फक्त "सरी" म्हणाली. सरी म्हणजे ठीक आहे. पण अर्धा तास काही आला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

थेट बस झाली तर ती साडेसहाला घरात असणार होती. म्हणजे बस झाली तर नोकरी राहणार, नाहीतर जाणार. इतकं सरळ होतं ते.

आषाढात आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, संघानं हॉलमध्ये एक सभा ठेवली. शहराचा आणि आसपासच्या तालुक्यांचा विकास कसा व्हावा यावर नागरिकांच्या सूचना, असा विषय. एक प्रोफेसर आले होते. त्यांनी भिंतीवर चित्रं पाडली. मध्ये बंगळूर, भोवती होसकोटे, आनेकल, रामनगर अशी वर्तुळं, आणि वर्तुळांतून बाण. माणूस सज्जन होता, फक्त प्रत्येक वाक्य दोन हातांवर तोलायचा. एकीकडे हे, असं म्हणताना डावा हात वर जायचा आणि दुसरीकडे ते म्हणेपर्यंत खाली यायचा नाही. त्यामुळे भाषणाच्या शेवटी दोन्ही हात वर होते. सूचना आल्या त्या अशा: पार्कात कुत्री, गटाराची झाकणं, देवळाचा लाउडस्पीकर. मग अक्का उठली.

ती कानडीत बोलली. घरात आम्ही कसंही बोलत असू, अक्काची कानडी स्वच्छ आहे. तिनं सांगितलं की तुमच्या चित्रात सगळे बाण मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये जातात. एका वर्तुळातून शेजारच्या वर्तुळात जाणारा बाण एकही नाही. आम्ही तर तसेच जातो. आता नवा रिंग रोड बन्नेरघट्टा रोडच्या पुढे झालाय, त्यावरून बनशंकरी ते बोम्मसंद्रा एक बस सोडा. तिकडे कारखान्यांना बायका मिळत नाहीत, इकडे घरोघर शिकलेल्या बायका बसून आहेत.

प्रोफेसरांनी चित्राकडे पाहिलं आणि दोन्ही हात खाली घेतले. सूचना चांगली आहे, म्हणाले, पण माणसं खरंच जातील का हे आधी पाहायला हवं. पहिल्या रांगेत बस डेपोचे साहेब चन्नबसप्पा बसले होते. ते बसल्या जागेवरून न उठता बोलतात आणि दर वाक्याआधी घसा साफ करतात. पन्नास बायका येणार असतील तर एक बस महिनाभर देतो, म्हणाले. सकाळी सात वाजता डेपोत एक बस रिकामी असते, तीच, तीही सकाळपुरती; संध्याकाळचं नंतर बघू. महिन्यानंतर रिकामी धावली तर बंद.

दुसऱ्या दिवशी अक्कानं फॅक्टरीच्या मॅनेजरांना सांगितलं. रघुपती सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नो' लावतात. त्यांना नवी लाइन सुरू करायची होती आणि आनेकलकडच्या सगळ्या मुली आधीच आजूबाजूच्या कारखान्यांत लागल्या होत्या. "शिकवून घेता येईल, नो? बायका येतील, नो?" अक्का म्हणाली, येतील. त्यांनी तिच्या शब्दावर नवी मशीनं आणून मांडली आणि धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिक घातलं.

आता पन्नास बायका हव्या होत्या. अक्कानं विचार केला की घरोघर जायचंच आहे तर गौरीला जावं. गौरीच्या दिवशी आमच्याकडे सवाष्णी एकमेकींना बागिन देतात. दोन सुपं एकावर एक, आत बांगड्या, खण, डाळ, तांदूळ, गूळ. त्या दिवशी दारं उघडी असतात, बायका घरात असतात, अंगावर चांगली साडी असते, बोलायला वेळ असतो. दरवर्षी ती आठ-दहा घरी जायची. त्या वर्षी आमची गल्ली, मागची गल्ली, देवळापलीकडचा भाग, सगळीकडे गेली. सुपं वाहायला आई आणि मी होतो. प्रत्येक घरी हळदकुंकू लावून झालं, ओटी भरून झाली की अक्का म्हणायची, बोम्मसंद्र्याला थेट बस होतेय, फॅक्टरीत काम शिकवतात, येशील का?

आणि प्रत्येक घरी उत्तर एकच: "आगली, अक्का." होऊ दे, असा त्याचा अर्थ. म्हैसूरकडची एक शिक्षिका म्हणाली, आगली. दोन तेलुगू जावा एका सुरात म्हणाल्या, आगली. आमच्यातल्या जिजाक्कांनी पदर डोक्यावर घेऊन, देवीकडे बघून म्हटलं, आगली. उल्काताईंना आगली माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, "ऑफकोर्स! किती एम्पॉवरिंग आहे हे." संध्याकाळी अक्काच्या तोंडावर हळद होती, पाय सुजले होते, आणि होकार पन्नासाच्या बरेच वर गेले होते. विठोजीरावांनी चष्मा पुसला. पण 'मुळात' न म्हणताच परत घातला.

गणपतीचं विसर्जन झालं आणि पुढच्या सोमवारी बस सुरू झाली. पाटीवर बनशंकरी – बोम्मसंद्रा असं ताजं रंगवलेलं. मी कॉलेजला जायच्या आधी बघायला गेले. बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर, अक्का, आणि जेपीनगरच्या देवळात जाणारे दोन म्हातारे. कंडक्टरनं थांब्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. सात वाजून गेले. तो "स्वल्प बघू काय?" म्हणाला. थोडा वेळ बघितलं. मग त्यानं शिटी मारली, आणि इतक्या रिकाम्या बसला शोभणार नाही अशा दमदार आवाजात ओरडला, "रैट, रैट!"

मंगळवारी म्हातारे नव्हते. बुधवारी तीन बायका आल्या, त्यातल्या दोघी सिल्क बोर्डाच्या चौकात उतरल्या. अक्का आधी म्हणाली, पितृपक्ष आहे, शुभ काम म्हणून आल्या नसतील. मग म्हणाली, पाटी नीट दिसत नाही. आठवडा गेला तेव्हा तिनं थांब्याकडे बघणंही सोडलं. फॅक्टरीत रघुपती सर प्लास्टिक घातलेल्या मशीनांजवळून जाताना थांबायचे आणि "प्रॉब्लेम आहे, नो?" असं म्हणून पुढे जायचे. रागावले असते तर बरं झालं असतं, अक्का म्हणायची.

त्या रविवारी मी तिच्याकडे होते. अक्का वाटाणे सोलत बोलत होती. इतक्या बायकांनी तोंडावर खोटं कसं बोलावं, हे तिला कळत नव्हतं. सणाच्या दिवशी, देवीसमोर. सोयराबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा आवाज कोरडा आहे, सुपारी फोडल्यासारखा.

"खोटं कुणी बोललं? तू कुंकू घेऊन दारात गेलीस आणि काम मागितलंस. गौरीच्या दिवशी सवाष्णीला नाही म्हणायचं? मी मेले तरी म्हणाले नसते."

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. आमच्यात लहानपणापासून शिकवतात की कुंकवाला आलेलीला नाही म्हणू नये. घरात काही नसलं तरी 'आहे' म्हणावं, तांदळाचे दाणे तरी हातावर ठेवावेत. अक्कालाही हे शिकवलेलं. मलाही. ती स्वतः कुणाला म्हणाली नसती. आणि आमच्या शेजारच्या कानडी-तेलुगू बायकांनी तरी का म्हणावं? पन्नास-साठ घरांत आम्ही तिघी सुपं घेऊन फिरलो आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नाही.

सोयराबाई पुढे म्हणाल्या, "आता जा. पण रिकाम्या हातानं जा. आणि माझ्यासाठी जातेस असं कुणाला सांगू नकोस, मला दया नको."

पुढच्या शनिवारी दुपारी अक्का निघाली. मुद्दाम शनिवार, कारण त्या दिवशी आमच्याकडे कुणी कुंकवाला जात नाही. कुंकवाचा करंडा नाही, बांगडी नाही, साधी कामाची साडी. दार उघडलं की ती आत जायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, "आज मी कुंकवाला आले नाही. आज मला नाही म्हणा. का नाही, तेवढं सांगा."

पहिल्या घरी बाई इतकी गोंधळली की पाणी आणायला आत पळाली. दुसऱ्या घरापासून मात्र जे सुरू झालं ते थांबेना. नाही म्हणायची परवानगी मिळाल्यावर बायका काय काय बोलतात! म्हैसूरची शिक्षिका म्हणाली, माझं कामच नको आहे, मला शाळा आवडते, त्या दिवशी तुझी साडी छान होती म्हणून हो म्हणाले. जिजाक्का म्हणाल्या, सुनेला पाठवीन म्हणून मी आगली म्हटलं, सुनेला विचारलं नव्हतं. सून आतून म्हणाली, विचारलं असतं तर गेले असते. उल्काताईंनी स्पष्ट केलं की त्यांचा होकार कॉन्सेप्टला होता.

पण तेलुगू जावांपासून पुढे एकच उत्तर येऊ लागलं. आमच्या भागात कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही सकाळी सात ते साडेसात. त्या अर्ध्या तासात घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. अक्काकडे ते सोयराबाई भरायच्या, म्हणून तिला हे कधी सुचलंच नव्हतं. सात वाजता बसमध्ये बसलेल्या बाईचं पाणी कोण भरणार? सासू? नवरा? एका घरी हे विचारताच आतून नवऱ्याचा खोकला ऐकू आला आणि बायका दोन्ही बाजूंनी हसल्या. पाणी झालं की मुलांची रिक्षा. पावणेआठला ती गेली की घर मोकळं. सव्वाआठची बस द्या, येतो. हे आगली नव्हतं. मोठी जाऊ बोट नाचवत म्हणाली, "सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ हं, आठ दहाला सोडलीत तर मी तुमच्या घरी येऊन भांडेन."

अक्का घरी आली तेव्हा ओठ मुडपलेला होता आणि मान डावीकडे. मला बरं वाटलं.

सोमवारी ती रघुपती सरांकडे गेली. नवी लाइन आठऐवजी नऊ-सव्वानऊला सुरू करा. ते म्हणाले, एका छताखाली दोन वेळा कशा चालतील, नो? अक्कानं आवाज खाली आणला. अर्धा तास मी तिथं नव्हते, पण काय झालं असेल ते मी हुबेहूब करून दाखवू शकते. जेवणाची सुट्टी थोडी कमी, साडेपाचला सुटी, असं ठरलं. लाइन प्लास्टिकखाली राहण्यापेक्षा सव्वानऊला सुरू झालेली बरी, हे त्यांनाही पटलं.

मग दोघं डेपोत गेले. चन्नबसप्पांनी घसा साफ केला. सव्वाआठला माझ्याकडे बस कुठली? सातला रिकामी असते म्हणून दिली. सव्वाआठला सगळ्या बसा मार्केट लाइनवर पळत असतात. हे खरंच होतं. शेवटी त्यांनीच एक मार्ग काढला: तीच बस सकाळी सहाला निघून आधी मार्केटला एक फेरी मारून येईल आणि मग सव्वाआठला बोम्मसंद्र्याला निघेल. आणि आता संध्याकाळीही, साडेपाचला फॅक्टऱ्यांपासून परत, थेट. महिन्यातले उरलेले दिवस बघू. मग त्यांनी विचारलं, "पण अक्का, तुम्हाला आठला कामावर पाहिजे ना?"

जुनी लाइन आठचीच होती आणि बंडलं अक्काला वाटायची होती. रघुपती सरांनी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं, पण मग ती सुपरवायझर कशाची? सातची बस तशीच ठेवली असती तर ती आरामात पोचली असती, महिनाभर, एकटी. अक्का म्हणाली, सव्वाआठच ठेवा.

म्हणजे झालं असं की ज्या बससाठी तिनं एवढं केलं, त्याच बसमध्ये बसून ती सकाळी उलट्या दिशेला मार्केटला जायला लागली. तिथं ती उतरून होसूर रोडची बस पकडे, आणि तीच बस मागं वळून इतर बायकांना आणायला बनशंकरीला येई. कंडक्टर रोज तिला उतरवताना आदरानं "या हं, अक्का," म्हणायचा आणि पुढच्याच श्वासात मार्केटच्या गर्दीला दरडावायचा.

पहिल्या दिवशी सव्वाआठला सतरा बायका आल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस होता, तरी तेवढ्याच. पुढच्या आठवड्यात बोम्मसंद्र्याच्या इतर दोन कारखान्यांत जाणारे कामगार चढायला लागले, बीटीएमकडचे पॉलिटेक्निकचे मुलगे चढायला लागले, आणि पन्नासाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. प्रोफेसरांना कुणी कळवलं की नाही, मला माहीत नाही.

पहिली संध्याकाळ मात्र मी ऐकली आहे, अक्काकडून आणि मोठ्या जावेकडून, दोघींकडून वेगवेगळी. बस फॅक्टरीपाशी आली तेव्हा सगळ्याजणी अशा तुटून पडल्या की अक्काला जागाच मिळाली नाही. कुणी दिलीही नाही. सगळ्यांच्या पाठी मोडल्या होत्या, पहिलाच दिवस. ती दांड्याला धरून उभी राहिली. सुया बोटांत गेल्याच्या तक्रारी चालल्या होत्या, रघुपती सरांच्या 'नो'ची नक्कल चालली होती. ती माझ्याइतकी चांगली नव्हती. मग धाकटी जाऊ म्हणाली, अक्का, ही बस थोडी पुढे रेशन दुकानापाशी थांबायला नको का? आणि तिच्या मागची म्हणाली, दूध डेअरीपाशी थांबायला हवी. अक्का होसूर रोड संपेपर्यंत 'स्वल्प समजून घ्या' असं म्हणत होती, पण त्या तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होत्या.

ती घरात शिरली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. सोयराबाई पलंगावर होत्या.

"कोण ग?"

"मीच, अत्ते."

"आत्ता? काढून टाकलं की काय तुला?"

"नाही. बसनं आले."

सोयराबाईंनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "तर मग दिवा लाव. आणि त्याला सांगू नकोस लवकर आलीस म्हणून, रोज भजी मागेल."

अक्कानं दिवा लावला, पाय धुतले, आणि सांगितलं नाही. पण विठोजीराव वाचनालयातून आले तेव्हा ती ओट्यापाशी होती आणि भात उतरवलेला होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चष्मा काढला, काच पुसली. शेवटी त्यांनी चष्मा परत घातला आणि भजी होतील का असं विचारलं.

दिवाळी आली. फराळ झाला, फटाके झाले, सोयराबाईंच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. नोकरीचा विषय निघाला नाही. पाडव्याच्या दिवशी विठोजीरावांनी नवा सदरा घातला होता. अक्कानं ओवाळायच्या आधी त्यांची कॉलर उलटून पाहिली आणि काहीच शेरा न देता निरांजन हातात घेतलं.